‘आई, माझा चार्जर कुठंय?’

परवा रात्रीच्या गाडीनं घरचे सगळे कोकणात गेले. मुलांना सुट्टी, सासूबाईंना आंब्यांची ओढ, आणि नवऱ्याला पावसाआधी घर शाकारून घ्यायचंय. मी मागे राहिले, कारण एक लेख तीन आठवडे अडकून पडला होता. रोज दोन तास मिळत नव्हते असं नाही. मिळत होते, पण सुटे. रिक्षावाल्याकडून पन्नासाची मोड एकेका रुपयात घ्यावी तसे.

सुट्या वेळाची बेरीज सलग वेळाइतकी का भरत नाही? मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. ३०० जणांना संगणकावर सात पायऱ्या ठरलेल्या क्रमानं पुन्हा पुन्हा करायला दिल्या होत्या. मध्येच पडद्यावर काही अक्षरं यायची, ती टाइप करून परत मूळ कामाकडे वळायचं. हा व्यत्यय सरासरी २.८ सेकंदांचा, तरी पायरी चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. तो ४.४ सेकंदांवर नेला तेव्हा तिप्पट. ‘आई, माझा चार्जर कुठंय?’ आणि ‘टीव्हीच्या मागे बघ’ यांना मिळून साधारण एवढाच वेळ लागतो. पायऱ्या चुकणं आणि लेख अडकणं एकच नव्हे, हे मान्य. पण दोन्हींत जे हरवतं ते एकच: आपण नेमके कुठे होतो ते.

‘कुठे होतो’ हे मेंदू ज्या जागेत धरून ठेवतो तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ही जागा फार लहान. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिच्यात एका वेळी चारेक गोष्टी मावतात. आता मराठी वाक्य घ्या. ‘व्यत्यय येणार याची कल्पना नसलेल्या, सकाळपासून एकाच खुर्चीत बसलेल्या त्या बाईनं...’ इथपर्यंत लिहिलं की कर्ता झाला, विशेषणं झाली, क्रियापद मात्र अजून हवेतच. आपल्या भाषेत ते शेवटी येतं, तोवर सगळा डोलारा डोक्यात पेलायचा. शिवाय मागच्या परिच्छेदात काय कबूल केलंय आणि पुढच्यात काय सांगायचंय तेही. तेवढ्यात दारावरची बेल वाजते. परत येऊन बसावं तर बाई खुर्चीतच, पण तिनं काय केलं ते गेलं.

रोनाल्ड केलॉग या मानसशास्त्रज्ञानं लिहिणाऱ्यांना मधूनच एक आवाज ऐकवला आणि तो ऐकताच प्रतिसाद द्यायला किती उशीर होतो ते मोजलं. त्यावरून लिहिताना मेंदूवर येणारा ताण पुढची चाल शोधणाऱ्या कसलेल्या बुद्धिबळपटूइतका निघाला. बुद्धिबळपटूला मात्र कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगत नाही.

आवाजांतही भेद आहे. पंख्याच्या घरघरीपेक्षा माणसाचं बोलणं जास्त नडतं, भाषा कळत नसली तरी. आणि सगळ्यांत वाईट आपलं नाव. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी लोकांना एका कानातल्या मजकुराकडे लक्ष द्यायला सांगून दुसऱ्या कानात त्यांचं नाव घातलं, तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. ‘आई’ या नावावर कुणी हा प्रयोग केला तर तिघींपैकी तिघींना ऐकू येईल, असा माझा अंदाज.

आता घरात आवाज नाही. पहिल्या सकाळी मी काय केलं? माळ्यावरचे डबे पुसले. मग एक शिवण उसवली होती ती घातली.

याचंही उत्तर जुनं आहे. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये कर्ट लेविन यांची विद्यार्थिनी मारिया ओव्हसियांकिना हिनं लोकांना छोटी कामं देऊन ती अर्ध्यात थांबवली. नंतर मोकळा वेळ मिळताच बहुतेकजण कुणी न सांगता, बक्षिसाशिवाय, त्या अर्धवट कामाकडे वळले. म्हणजे अपुरं काम ओढ लावतं. पण घरभर अपुरी कामं असली की माझ्या लेखाला रांगेत उभं राहावं लागतं. त्यावर उतारा २०११ च्या एका संशोधनात सापडतो. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांना दिसलं की अपुरं काम केव्हा आणि कसं करायचं एवढं नक्की ठरवलं, तरी ते मनात घुसायचं थांबतं. प्रत्यक्ष करावं लागत नाही. मी कागदावर लिहिलं: लाइट बिल, बुधवार, भाजीला जाताना. डबे, शनिवार. आणि खरंच दीड तास सलग बसले.

मग नवऱ्याचा फोन आला. व्यत्ययाआधी काही सेकंदांची सूचना मिळाली आणि तेवढ्यात पुढची पायरी मनात धरून ठेवली, तर कामावर परतणं लवकर जमतं, हे ग्रेग ट्रॅफ्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलंय. फोनची रिंग म्हणजे फुकटची सूचनाच. म्हणून उचलता उचलता मी पुढचं वाक्य चिठ्ठीवर टिपायला घेतलं. बोलणं अकरा मिनिटं चाललं.

परत आले तेव्हा चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘पण त्यामुळे मेंदूला चाळीस कौलं कमी पडतायत.’