कालेइची: तटाच्या आतले तट

अंताल्या हे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. अलीकडच्या वर्षांत इथे वर्षाला एक कोटीहून जास्त विदेशी पर्यटक उतरतात. बहुतेकांचा मुक्काम समुद्रालगतच्या मोठ्या हॉटेलांत असतो आणि एखादी संध्याकाळ जुन्या गावासाठी राखलेली असते. या जुन्या गावाचं नाव कालेइची. नावाची फोड मराठी माणसाला चटकन कळावी अशी आहे. ‘काले’ म्हणजे किल्ला, आणि आपला ‘किल्ला’ व त्यांचा ‘काले’ एकाच अरबी शब्दातून आलेले आहेत. ‘इच’ म्हणजे आत. म्हणून कालेइची म्हणजे किल्ल्याच्या आतलं गाव.

हा ‘आत’ नेमका कशाच्या आत, हे समजून घेतलं तर तिथल्या गल्ल्या वेगळ्या दिसू लागतात. कारण इथे तट एक नव्हता. तटाच्या आत तट होते आणि प्रत्येकाआड निराळी माणसं राहत होती.

आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या पर्गामॉन या प्राचीन ग्रीक राज्याचा राजा दुसरा अॅटलस याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात हे बंदर वसवलं. त्याच्याच नावावरून गाव अटालेया झालं, पुढे अडालिया, साटालिया आणि अंताल्या. जागा निवडताना राजाने नजर नेमकी ठेवली होती. सभोवती समुद्रात सरळ उतरणारे कडे आणि मधोमध एक छोटी, आडोशाची खाडी. पर्गामॉनचं राज्य रोमच्या हाती गेलं, कालांतराने हे गावही गेलं. इ. स. 130 मध्ये सम्राट हेड्रियन इथे आला आणि त्याच्या स्वागतासाठी तीन कमानींचा संगमरवरी दरवाजा उभा राहिला. आज सगळ्यात जास्त फोटो याच दरवाज्याचे निघतात.

हा दरवाजा इतका धड कसा राहिला, याचं उत्तर तटातच आहे. पुढच्या शतकांत शहराचा तट बाहेरून बांधत नेला तेव्हा कमानी त्यात बुजल्या आणि दरवाजा वापरातून गेला. झाकला गेला म्हणूनच तो वाचला. विसाव्या शतकाच्या मध्यावर भोवतालची भिंत हटल्यावर तो पुन्हा उजेडात आला. मधल्या कमानीखाली वाकून पाहिलं तर जुन्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिसतात. माझ्या मते वरच्या नक्षीपेक्षा त्या चाकोऱ्यांपाशी जास्त वेळ थांबावं. सम्राट एकदाच आला; गाडीवाले रोज येत होते.

1207 मध्ये सेल्जुक तुर्कांचा सुलतान गियासुद्दीन कैखुस्रोने हे बंदर जिंकलं. काही वर्षांत ते हातचं गेलं आणि 1216 मध्ये त्याच्या मुलाने परत घेतलं. तुर्कस्तानच्या आतल्या पठारावर राज्य करणाऱ्या सेल्जुकांना भूमध्य समुद्रावर मोठं बंदर मिळालं ते इथेच. सुलतान अलाउद्दीन कैकुबादच्या काळातला यिवली मिनार अजून शहराची खूण म्हणून उभा आहे. उंची सुमारे 38 मीटर, लाल विटांचा, अंगावर आठ उभ्या गोल पन्हळी. विटांच्या सांध्यांत फिरोजी रंगाच्या फरशांचे तुकडे अजून कुठे कुठे चमकतात.

या शहराचं सगळ्यात जिवंत वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने करून ठेवलं आहे. तो 1330च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आला. तो लिहितो की ख्रिस्ती व्यापारी बंदराच्या भागात, त्याला तो ‘मीना’ म्हणतो, स्वतःच्या तटात राहतात आणि त्यांचे दरवाजे रात्री आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी बंद होतात. गावचे मूळ रहिवासी ग्रीक वेगळ्या तटात, ज्यू वेगळ्या तटात, राजा आणि त्याचे सरदार आणखी एका तटात. मशीद, मदरसा, हमाम आणि भरलेले बाजार मुसलमानांच्या मुख्य वस्तीत. तिथल्या जर्दाळूंचंही त्याला भारी कौतुक. त्या जर्दाळूच्या आठळीतला गर बदामासारखा गोड असतो आणि ती फळं वाळवून इजिप्तला जातात, असं तो नोंदवतो.

त्याच मुक्कामात एक माणूस त्याच्या यजमानाकडे आला. जुने कपडे, डोक्यावर नमद्याची टोपी. तो इब्न बतूताला जेवायला बोलवत होता. या फाटक्या माणसावर भार नको म्हणून पाहुणा संकोचला. यजमान हसून म्हणाला, हा चांभार आहे आणि ‘अखी’ मंडळाचा प्रमुख आहे. निरनिराळ्या धंद्यांतल्या सुमारे दोनशे कारागिरांनी त्याला निवडलंय. दिवसभर कमवायचं आणि रात्री पाहुण्यांच्या जेवणावर खर्चायचं, अशी या मंडळींची रीत. इतक्या तटांच्या शहरात परक्यासाठी दार उघडणारा माणूस चांभार होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हाच इब्न बतूता दहा-बारा वर्षांनी आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आला. तिथेही त्याने आधी शहराचे भाग मोजले: सुलतान आणि सैन्याचा एक, कटक नावाचा दुसरा आणि डोंगरावरचा किल्ला तिसरा. तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांचीही नोंद केली. अंताल्याच्या जर्दाळूंबद्दल वाचताना मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटतो, तो यामुळेच.

पुढची शतकं धामधुमीची गेली. 1361 मध्ये सायप्रसचा राजा पहिला पीटर याने शहर घेतलं, 1373 मध्ये ते पुन्हा तुर्कांकडे आलं आणि त्या शतकाच्या अखेरीस ऑटोमनांकडे. 1472 मध्ये पोपच्या आरमारासह ख्रिस्ती जहाजांनी बंदराच्या तोंडावरची लोखंडी साखळी तोडून आत मुसंडी मारली. बंदर लुटलं गेलं, पण आतला तट त्यांना फोडता आला नाही. तोडलेली साखळी रोमला नेऊन सेंट पीटरच्या चर्चमध्ये लावली गेली.

वाऱ्याच्या जोराचं माप ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो ब्रिटिश आरमारी अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट 1811-12 मध्ये या किनाऱ्याची पाहणी करत होता. त्याच्या अंदाजाने गावची वस्ती आठ हजारांच्या आत होती आणि त्यात एक तृतीयांश ग्रीक. पण या ग्रीकांना तुर्कीखेरीज दुसरी भाषा येत नाही, असंही तो लिहितो. प्रार्थना मुख्यतः ग्रीकमध्ये होई, पण तिचा अर्थ ना लोकांना कळे ना बहुतेक पाद्र्यांना. घरात, बाजारात, शेजाऱ्याशी बोलणं सगळं तुर्कीत.

1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला तेव्हा कसोटी भाषेची नव्हती, धर्माची होती. तुर्की बोलणाऱ्या या ख्रिस्ती कुटुंबांना ग्रीसला जावं लागलं आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात आले. मध्ययुगातल्या कुठल्याही तटाने माणसांना इतकं पक्कं वेगळं केलं नव्हतं. कालेइचीत फिरताना हे मनात ठेवायला हवं. दगडी जोत्याची, गल्लीवर झुकलेल्या लाकडी खिडक्यांची, गोट्यांची नक्षी बसवलेल्या अंगणाची घरं आपण कौतुकाने पाहतो, त्यांतली कितीतरी घरं एकदाच, एका सहीने रिकामी झाली.

तटांचा बराच भाग विसाव्या शतकात पाडला गेला. मालवाहतूक नव्या बंदरात गेली आणि जुन्या खाडीला अवकळा आली. मग बंदर आणि भोवतालची वास्तू यांची डागडुजी सरकारने हाती घेतली आणि 1984 मध्ये त्या कामाला पर्यटन पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ‘गोल्डन अॅपल’ पुरस्कार मिळाला. घरांची पेन्शन झाली, म्हणजे छोटी निवासगृहं. एका जुन्या ग्रीक चर्चमध्ये आज संग्रहालय आहे. आतल्या तटांचे उरलेले तुकडे घरांच्या मागे, अंगणांच्या कडेला अजून सापडतात. त्यांच्यावर पाटी क्वचितच असते, आणि शेजारी कडू संत्र्याचं झाड असतं.