लाल-काळ्या धानाच्या वाणाची नोंदणी: डीएनए रिपोर्टसाठी आधीच पैसे घालू नका

आजोबांच्या वेळचा लाल धान नोंदवायचा म्हटलं की लोक आधी प्रयोगशाळा गाठतात. पदरचे पैसे भरून रिपोर्ट काढतात, अर्जाला जोडतात. तो रिपोर्ट कुणी मागितलेलाच नसतो.

नोंदणी होते २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली. अर्ज एकटा शेतकरी, गट किंवा अख्खा समुदाय करू शकतो आणि शेतकऱ्याला फी नाही. अर्ज, तांत्रिक प्रश्नावली आणि बियाणं द्यायचं. ही नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचं शाखा कार्यालय पुण्यात आहे.

घोडं अडतं शिफारशीच्या सहीवर. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा आदिवासी विकासचं जिल्हा कार्यालय, यांपैकी कुणाही एकाची सही चालते. लोक मात्र समितीच्याच मागे हिंडतात, आणि कित्येक गावांत आपण समितीवर आहोत हे सदस्यांनाच ठाऊक नसतं! तिथे चपला झिजवू नका, सरळ दुसरं दार गाठा.

वाण शेतकऱ्यांनी परंपरेनं राखलेला हवा. अलीकडे विकत आणून पेरलेला काळा धान यात बसत नाही. मणिपूरच्या चाखाओ या काळ्या तांदळाला २०२० मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. गोंदियाच्या बांधीत पिकला म्हणून तो गोंदियाचा होत नाही.

आता डीएनएचं. लाल रंग सातव्या गुणसूत्रावरच्या आरसी जनुकामुळे येतो. बहुतेक पांढऱ्या तांदळात या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळालेली असतात, आणि आरसीचा मार्कर, म्हणजे डीएनएतली खूण तपासणारी चाचणी, तेवढीच गळती पाहते. म्हणजे रिपोर्ट एवढंच सांगतो की धान लाल आहे, जे तूस काढलं की पोरालाही दिसतं. तुमचा लाल शेजारगावच्या लालपेक्षा वेगळा हे दाखवायला बरेच एसएसआर मार्कर (डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणा) लागतात. तेही शेवटी: शेतातल्या चाचणीत वेगळेपण ठरलं नाही, तरच प्रयोगशाळेची पाळी येते. शेतकरी वाणाची शेतचाचणी एक हंगाम, दोन ठिकाणी होते.

तिथेच भेसळ उघडी पडते. "बियाणं तर लालभडक दिलं होतं" हे खरंच असतं, कारण दाण्याची रंगीत साल आईच्या झाडाची. लाल धानावर पांढऱ्याचा पराग पडला तरी दाणा लाल, त्यातून उगवलेल्या झाडाचे दाणेही लाल. त्याच्या पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड पांढरं देतं. म्हणून कोठीतलं मूठभर उचलून देऊ नका. एका लोंबीची एक ओळ लावा, पांढरा दाणा दिसला की ती ओळच बाद करा. असे किमान दोन हंगाम.

वाणाला गावाचं नाव देऊ नका, भौगोलिक नाव कायद्यात अडतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंच्या एचएमटी या धानाच्या वाणालाही घड्याळाचं नाव पडलं होतं, गावाचं नाही.

प्राधिकरणाच्या जर्नलमध्ये (नियतकालिकात) तुमच्या अर्जाची जाहिरात आली म्हणून लगेच पेढे वाटू नका. त्या तारखेपासून तीन महिने कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकतीचं पत्र हाती पडल्यापासून दोन महिन्यांत उत्तर गेलं नाही, तर तुम्ही अर्ज सोडला असं धरतात. पत्र इंग्रजीत आहे म्हणून फळीवर ठेवू नका, त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या.