घाट, बंड आणि झेड ब्रिज : पुण्याच्या नदीकाठाची पार्श्वभूमी

संध्याकाळी सहानंतर झेड ब्रिजवर गेलात तर दुचाक्या कठड्याला तोंड करून ओळीने लावलेल्या दिसतात. सीटवर माणसं पाण्याकडे बघत बसलेली असतात. काही जोडपी, काही एकटेच, एखादा कणीसवाला. खाली मुठा. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही, तरी लोक येतात. पुण्याच्या मध्यवस्तीत नदीकाठी विसाव्याची सगळ्यात चालती जागा ही अशी पुलावरची, कुणी न आखलेली. मुळा-मुठेचे काठ बांधून सुशोभित करायच्या महापालिकेच्या प्रकल्पावरून वाद आहे. तो समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी, कारण हा वाद प्रकल्पाच्या 2022 सालच्या भूमिपूजनापेक्षा बराच जुना आहे.

पेशव्यांच्या पुण्यात नदीवर जायची वाट म्हणजे घाट. ओंकारेश्वर, अमृतेश्वर, सिद्धेश्वर ही देवळं मुठेकाठचीच. ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे. स्नान, धुणी, श्राद्धपक्ष, गणपती, सगळं पायऱ्यांवर. गंमत म्हणजे शहर पिण्याच्या पाण्यासाठी या नदीवर फारसं विसंबून नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून नळ बांधून पाणी थेट पेठांतल्या हौदांत आणलं होतं. म्हणजे माणसं नदीवर जायची ती नदीसाठी. घाटाची युक्ती साधी : पाणी चढलं की दोन पायऱ्या वर बसायचं, उतरलं की खाली. नदीला जागा सोडूनच काठ बांधलेला.

इंग्रजांचा काठ वेगळा. 1850 च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा आणि मुठेच्या संगमाच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेवर बांध पडला. त्याला सगळे बंडच म्हणू लागले आणि शेजारच्या बागेचं नाव बंडगार्डन झालं. बांधामुळे पाणी तुंबून बारमाही तळ्यासारखं दिसू लागलं. मग छावणीतले साहेबलोक संध्याकाळी तिथे फेरफटका मारू लागले, बँड वाजू लागला. 1868 मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला, बोट क्लब रोड हे नाव त्यावरूनच. संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजची मुलंही होड्या वल्हवू लागली. 1928 साली सुरू झालेली त्यांची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, पुढेही चालू राहिली, फक्त आता तिच्याआधी जलपर्णी काढावी लागते.

घाटावर माणूस पाण्यात उतरतो आणि बंडावर पाणी अडवून त्याकडे बघतो. पुढचं सगळं भांडण या दोन तऱ्हांचं आहे असं मला वाटतं.

1879 मध्ये खडकवासला धरण पूर्ण झालं आणि मुठेचं पाणी कालव्यांत वळलं. पावसाळा सोडला तर शहरातून वाहायला उरलं ते ओढ्यांचं आणि पुढे सांडपाण्याचं. घाट कोरडे पडले ते असे, हळूहळू. मग 12 जुलै 1961. पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्यालाही भगदाड पाडलं आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले वाडे मातीत बसले. पूरग्रस्तांसाठी लांब नव्या वसाहती झाल्या. ज्यांची परसदारं नदीकडे उघडायची तीच माणसं उठून गेली. नदी म्हणजे पूर, हे त्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं.

रिकाम्या झालेल्या पात्रावर पुढे रस्त्यांची नजर गेली. नदीपात्रातला रस्ता, त्यावरचं पार्किंग, भेळेच्या गाड्या, आणि पाण्यालगत टेकलेला भिडे पूल. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी दर पावसाळ्यात ठरलेली. अलीकडे मेट्रोचेही खांब पात्रात आले, सुमारे 1.7 किलोमीटर. त्यावरून हरित न्यायाधिकरणात खटला झाला.

या पार्श्वभूमीवर महापालिकेने साबरमतीकडे पाहिलं. अहमदाबादचा काठ आखणाऱ्या एचसीपी या संस्थेकडेच पुण्याचा आराखडा गेला. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटर, 11 टप्पे, सुरुवातीचा अंदाज 2,619 कोटी रुपये, नंतर 4,727 कोटी. बंधारे घालून पाणी अडवायचं, भराव आणि बांध घालून काठ पक्का करायचा, त्यावर चालायला, सायकलला वाट. 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. काम सुरुवातीला हाती घेतलं ते संगमवाडी ते बंडगार्डन आणि तिथून मुंढव्याकडे, म्हणजे साहेबांनी फेरफटक्यासाठी निवडलेल्याच पट्ट्यात. योगायोग नव्हे, तुंबलेलं पाणी तिथेच असतं.

साबरमतीला नर्मदेच्या कालव्याचं पाणी मिळतं. मुठा सह्याद्रीतून उतरते, जुलैत अंगावर येते आणि मार्चमध्ये काळी पडते. म्हणून विरोधकांचा पहिला सवाल काठाचा नव्हता, पाण्याचा होता. जपानच्या जायका या मदतसंस्थेच्या कर्जातून मैलाशुद्धीकरणाची योजना 2016 मध्ये ठरली : 990 कोटी, 11 केंद्रं, रोज 396 दशलक्ष लिटर क्षमता. ती रखडत राहिली आणि काठाचं काम मात्र पुढे गेलं. क्रम उलटा लागला, हा आक्षेप मला तरी खोडता येत नाही. दुसरा सवाल या कामात तुटणाऱ्या झाडांचा. 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकरांनी झाडांना मिठ्या मारून चिपको केलं, 2025 मध्ये राम नदी आणि मुळेच्या संगमाजवळ पुन्हा लोक रस्त्यावर आले.

महापालिकेची बाजूही पोकळ नाही. आज बऱ्याच ठिकाणी काठावर पोचायची वाटच नाही. राडारोडा, खासगी भिंती, नाल्यांची तोंडं. म्हाताऱ्या माणसाला पाण्याजवळ बसायचं असेल तर कुठे बसावं? बंडगार्डनच्या बाजूला तयार झालेल्या वाटेवर लोक चालायला जातात, हेही खरं.

तिसरा सवाल आकड्यांचा. पूर कुठवर येऊ शकतो हे दाखवणाऱ्या रेषांपैकी मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेकला (सेकंदाला इतके घनफूट पाणी) आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा एक लाखाला आखलेली आहे. 25 जुलै 2024 ला विसर्ग 35 हजारांच्या आसपास असताना सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरलं. पात्र अरुंद झाल्याचा आरोप करणारे आता हाच आकडा पुढे करतात. त्या दिवशी भिडे पूलही बुडालेला होता.