एकच संहिता, एकच छापखाना, दोन ‘एउरिदिचे’

संगीतासकट आज हाती असलेला सगळ्यात जुना ऑपेरा कोणता, असं विचारलं की काही जण याकोपो पेरीचं नाव घेतात, काही जण जुलिओ काच्चिनीचं. गंमत अशी की दोघांच्याही ऑपेराचं नाव ‘एउरिदिचे’च. संहिता एकाच कवीची, ओत्ताव्हिओ रिनुच्चिनीची. गाव फ्लोरेन्स, मुद्रक जॉर्जो मारेस्कोत्ती आणि शीर्षकपृष्ठावरचं साल १६००, हेही दोन्हीकडे सारखंच. एवढं सगळं जुळल्यावर घोटाळा होणारच. पण ही पुस्तकं नीट उघडून पाहिली तर दोघांचे हेतू अगदी वेगळे असल्याचं दिसतं.

आधी सालाचं पाहू. काच्चिनीची अर्पणपत्रिका २० डिसेंबर १६०० ची आहे. पेरीची आहे ६ फेब्रुवारी १६०० ची, म्हणजे वाचताना पेरीच दहा महिने पुढे वाटतो. तसं नाही. त्या काळी फ्लोरेन्सचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपल्याकडे गुढीपाडव्याआधीचा माघ जुन्याच शकात मोजतात, तसाच तिथला फेब्रुवारी जुन्या सालात जायचा. आजच्या हिशोबाने पेरीची तारीख ६ फेब्रुवारी १६०१ होते. म्हणजे छापण्यात काच्चिनी सुमारे सात आठवडे पुढे होता.

रंगमंचावर मात्र उलट झालं. ६ ऑक्टोबर १६०० ला फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यात मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहसोहळ्यात जो ऑपेरा झाला, तो पेरीचा. ऑर्फेओची, म्हणजे ग्रीक पुराणकथेतल्या गायकाची आणि एउरिदिचेच्या नवऱ्याची भूमिका स्वतः पेरीने गायली. काच्चिनीचा पूर्ण ऑपेरा त्याच राजवाड्यात रंगला तो थेट ५ डिसेंबर १६०२ ला. त्याचं पुस्तक आधी आलं, प्रयोग दोन वर्षांनी.

ही घाई का, ते त्या पुस्तकांवरूनच कळतं. काच्चिनीने आपलं पुस्तक जोव्हान्नी दे बार्दी या सरदाराला अर्पण केलं. पूर्वी बार्दीच्या घरी जमणाऱ्या विद्वानांच्या बैठकीत ही बोलण्याच्या जवळ जाणारी गायनाची नवी रीत घोळली होती, आणि काच्चिनी अर्पणपत्रिकेत त्या दिवसांची आठवण काढतो. ही रीत माझी जुनी आहे, हे त्याला छापील स्वरूपात नोंदवून ठेवायचं होतं. पेरीचं पुस्तक नव्या राणीला अर्पण केलेलं आहे, आणि हे संगीत तिच्या विवाहात सादर झालं हे शीर्षकपृष्ठावरच लिहिलंय. एकाने हक्क सांगितला, दुसऱ्याने प्रसंगाची साक्ष दिली.

पानांची मांडणी मात्र जवळपास सारखी. त्याआधीचं समूहगायन बहुधा सुट्या वह्यांत छापलं जायचं, प्रत्येक आवाजाची वही वेगळी. इथे वरच्या ओळीत गाणाऱ्याचा सूर आणि त्याखाली खर्जाची ओळ, दोन्ही एकाच पानावर. साथीदाराने खर्जावरचे आकडे आणि खुणा पाहून मधले सूर स्वतः भरायचे. छपाई खिळे जुळवूनच व्हायची. प्रत्येक खिळ्यावर एक स्वरचिन्ह आणि त्यामागे पाच रेघांचा छोटासा तुकडा. त्यामुळे रेघ सलग दिसत नाही, जोडाजोडाशी बारीक फटी दिसतात. माझ्यासारख्या छापील कागदावर जीव असलेल्या माणसाची नजर त्या फटींवर बराच वेळ रेंगाळते.

संगीतातला फरक कानाला लगेच कळतो. पेरी प्रस्तावनेत आपली रीत समजावून सांगतो. बोलताना काही अक्षरांवर आवाज ठरतो, बाकीची भरभर निघून जातात. म्हणून खर्ज एका जागी धरून ठेवायचा आणि गळ्याला त्यावरून जुळणाऱ्या नि न जुळणाऱ्या सुरांतून मोकळं जाऊ द्यायचं. एउरिदिचे गेल्याची बातमी आल्यावर ऑर्फेओ म्हणतो, ‘मी रडत नाही, उसासेही टाकत नाही.’ पेरीकडे ही ओळ थबकत थबकत सरकते, धक्का बसलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी. काच्चिनी जास्त गोड, जास्त गळ्याचा. वाक्य संपता संपता तो तानेला जागा करून देतो. तो गायक होता, गायनाचा गुरू होता, आणि ते पानोपानी दिसतं. माझं मन पेरीकडे झुकतं, पण गाणाऱ्याला काच्चिनी का आवडतो हेही मला पुरेपूर कळतं.

पुढे दोन्ही ऑपेरा व्हेनिसमध्ये पुन्हा छापले गेले, पेरीचा १६०८ मध्ये आणि काच्चिनीचा १६१५ मध्ये.

आता पेरीच्या प्रस्तावनेतली सगळ्यात महत्त्वाची कबुली. त्या रात्री एउरिदिचेची गाणी, मेंढपाळाची आणि अप्सरेची काही गाणी आणि तीन समूहगीतं काच्चिनीच्या चालींवर गायली गेली, असं तो लिहितो. कारण गाणारे काच्चिनीच्या हाताखालचे होते. आणि काच्चिनीचं पुस्तक माझ्या प्रयोगानंतरच छापलं गेलं, हेही तो सभ्य शब्दांत सांगून टाकतो. तरीही त्या जागांवर पेरीने आपल्या पुस्तकात स्वतःचंच संगीत छापलंय. म्हणजे ६ ऑक्टोबरला राजवाड्यात जे ऐकू आलं, ते जसंच्या तसं दोन्ही पुस्तकांपैकी एकातही नाही. ती रात्र ऐकायची असेल तर ऑर्फेओसाठी पेरीचं पुस्तक उघडावं लागतं, आणि एउरिदिचे गायला लागली की काच्चिनीचं.