पागे योजना

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जुने नाव. ते विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) यांच्यावरून पडले. पागे १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. सभापती चर्चेत उतरत नाही आणि मत देतो तेही दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. त्यामुळे ग्रामीण मजुरांचा प्रश्न सभागृहात भाषणे करून लावून धरण्याची वाट त्यांना बंदच होती. त्यांनी तो १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे प्रयोग करून मांडला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवला. १९७२ मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. एवढ्या लोकांना काम देता येते हे दिसल्यावर ‘मागेल त्याला काम देणे अशक्य आहे’ हा आक्षेप फारसा टिकला नाही. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

योजनेची खरी ताकद पैशाच्या तजविजीत होती. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला तो याच खर्चासाठी. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो हाच कर. वर्षाचे २,५०० रुपये ही राज्यघटनेतील मर्यादा गाठण्यासाठी फेब्रुवारीत शंभर जास्त. बागायती जमिनीवरील आकारणी, मोटार वाहनांवरील जादा कर, विक्रीकरावरील अधिभार हेही निधीत येत आणि जमलेल्या रकमेइतकीच भर राज्य शासन घालत असे. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा हा सरळ हिशेब आहे. अर्थात आपला कर कशासाठी कापला जातो हे बहुतेक नोकरदारांना ठाऊक नसते.

काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला पंधरा दिवसांत अंगमेहनतीचे काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, हा कायद्याचा गाभा. हमी जिल्ह्यापुरती असे; गावातच काम मिळेल असे नाही. नवे काम सुरू करायला साधारण ५० मजूर लागत, त्याहून कमी असतील तर त्यांना चालू कामावर पाठवत. खर्चातला किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा हवा आणि ठेकेदार नको, या अटींमुळे पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्त्यांचे मातीकाम अशीच कामे पुढे आली. नियोजनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. मंजूर कामे आधीच ‘शेल्फवर’, म्हणजे लगेच सुरू करता येतील अशा कामांच्या यादीत, तयार लागतात. शेल्फ रिकामे असले की मागणी येऊनही काम निघत नाही.

पहिली अडचण मागणीपाशीच येते. तोंडी मागणी कागदावर येत नाही, आणि पोचपावतीवर तारीख नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? भत्ता क्वचितच मिळाला तो मुख्यतः यामुळे. त्याची रक्कमही तुटपुंजी होती.

दुसरी अडचण मोजमापाची. हजेरीपटावर नाव लागले म्हणजे पूर्ण रोज मिळतो असे नाही. दाम कामाच्या मापावर ठरते. सर्वसाधारण ताकदीच्या माणसाने सात तास नेटाने काम केले तर किमान वेतन पडावे, असे दर बांधलेले असतात. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खड्डा म्हणजे २.७ घनमीटर. पण त्याचे पैसे माती, मुरूम की खडक यावर आणि ती किती लांब (लीड) व किती उंच (लिफ्ट) वाहिली यावर ठरतात. कठीण मुरूम मोजमाप पुस्तिकेत ‘माती’ म्हणून चढला की घाम तेवढाच गाळून मजुरी कमी पडते. म्हणून खड्ड्यात मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खुंट राखून ठेवायचा. तो आधीच छाटला तर खोली किती होती याचा पुरावाच उरत नाही. अभियंता उशिरा आला आणि मध्ये पाऊस झाला तर खड्डा गाळाने भरतो, वाद तिथून सुरू होतात. शिवाय माप टोळीचे एकत्र घेतात, त्यामुळे म्हाताऱ्या किंवा अशक्त मजुराला टोळीत घ्यायला इतर नाखूश असतात.

१९८८ मध्ये मजुरीचे दर बरेच वाढले आणि त्यानंतर कामांवरील उपस्थिती घटली. दर चांगले झाल्यावर मागणी वाढायला हवी होती. खर्चाला आळा घालण्यासाठी नवी कामे काढणेच आखडते घेतले गेले, हे त्याचे पटणारे स्पष्टीकरण आहे. हक्क कायद्यात शाबूत असूनही कामे न काढता तो असा आक्रसता येतो. यावर लक्ष ठेवायला विधिमंडळाची दोन्ही सभागृहांची मिळून रोजगार हमी योजना समिती आहे. ती जिल्ह्यांत जाऊन कामे पाहते आणि अधिकाऱ्यांची साक्ष घेते.

२००५ चा केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा बराचसा याच अनुभवावर उभा राहिला, मात्र त्यात हमी कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अशी झाली. महाराष्ट्राच्या कायद्यात हक्क व्यक्तीचा होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती. २००६ च्या दुरुस्तीने दोन्हींची सांगड घातली गेली. शंभर दिवसांपुढच्या मजुरीचा भार राज्याने उचलायचे ठरले.