सातवीची पोरं आठवीला जाताना एवढी का घाबरतात?

गावातल्या झेडपीच्या शाळेत सातवी झाली की आठवीला हायस्कूल, म्हणजे बऱ्याच जणांना एसटीनं नाहीतर सायकलवर मोठ्या गावाला जायचं. मे महिन्यात अशा पोरांना सहज विचारून बघा, अभ्यासाची भीती नंतर निघते, आधी येतं ते डबा कुणासोबत खायचा, मोठी पोरं चिडवतील का, मैत्रिणीची तुकडी दुसरी आली तर काय, आणि संडास कुठंय. मुली हे शेवटचं फार हळू आवाजात विचारतात. आणि लगेच खुश होऊन सांगतात, तिकडं लॅब आहे, प्रत्येक विषयाला वेगळे सर आहेत!

हे दोन्ही एकदम होतं कारण वय. बारा-तेराला शरीर बदलत असतं, मेंदूला नवीन गोष्टींची ओढ वाढते आणि बरोबरीची पोरं काय म्हणतील याला खूप वजन येतं, पण भावनांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. नेमकं तेव्हाच आपण त्यांची शाळा बदलतो, कालपर्यंत शाळेत सगळ्यात मोठे होते ते आज सगळ्यात लहान. अमेरिकेत मिलवॉकी शहरात सिमन्स आणि ब्लाइथ या संशोधकांनी मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला, १९८७ मध्ये त्यांनी मांडलं की सातवीत शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास खाली आला, त्याच शाळेत राहिलेल्या मुलींचं तसं झालं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा प्रयोग. अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या ११ मिडल स्कूलमध्ये (तिकडं सहावीपासून शाळा बदलते ती) सहावीत आलेल्या १,३०० च्या आसपास मुलांपैकी निम्म्यांना आधीच्या बॅचच्या पोरांचे अनुभव वाचायला दिले, आम्हालाही असंच वाटायचं, काही दिवसांनी गेलं, आणि मग त्यावर थोडं लिहायला सांगितलं, बस. वर्षभरात बाकीच्यांच्या तुलनेत त्यांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी आणि नापासाचे शेरे १८ टक्क्यांनी कमी!

कारण 'मला एकट्यालाच जमत नाहीये' असं वाटलं की पोरगं गप्प बसतं, शंका विचारत नाही, मागं पडतं, आणि मागं पडलं की ते वाटणं खरंच ठरतं. हा फेरा पहिल्या काही आठवड्यांतच तोडावा लागतो आणि तिथं आईबापाच्या 'घाबरू नकोस'पेक्षा एक वर्ष पुढच्या पोराचा शब्द जास्त लागतो, कारण ते नुकतंच यातून गेलेलं असतं.

हे आपल्याकडं करायला पैसे लागत नाहीत हो. जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या पोरांकडून नव्या आठवीसाठी एकेक पान लिहून घ्या, पहिल्या दिवशी काय वाटलं, कधी बरं वाटायला लागलं, आणि संडास कुठंय तेसुद्धा.