आदी शमीर यांची दोन पानं

व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं, मुख्यालय बेळगावात. त्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या आपल्या गावांतसुद्धा गल्लीला एखादा तरी इंजिनिअर सापडतो. हल्ली या मुलांच्या बोलण्यात 'किती पेपर झाले?' हा प्रश्न सारखा येतो. 'फी भरा, आठवड्यात छापून देतो' असे मेसेज त्यांच्या फोनवर येऊन पडतात. संशोधकाची उंची पेपर मोजून ठरते, हा समज मला मनापासून खटकतो. म्हणून आज जेमतेम दोन पानांच्या एका पेपरविषयी लिहितो.

लेखक आदी शमीर, इस्रायली संगणकशास्त्रज्ञ. आरएसए या प्रसिद्ध सांकेतिक पद्धतीतला 'एस' त्यांचा. १९७७ मध्ये रिव्हेस्ट आणि एडलमन यांच्याबरोबर त्यांनी ती शोधली आणि तिघांना २००२ चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळालं. पण मला त्यांचं सर्वांत देखणं काम वाटतं ते १९७९ चं: गुपित वाटून कसं ठेवावं.

आपल्याकडे लक्ष्मीच्या यात्रेचे दागिने गावच्या पेटीत असतात. समजा पंच पाच आहेत. कोणतेही तीन जमले तर पेटी उघडावी, दोघांना मात्र उघडता येऊ नये. कुलपांनीच हे साधायचं तर १० कुलपं लागतात आणि प्रत्येक पंचाकडे ६ किल्ल्या. शमीर यांच्या पेपरच्या सुरुवातीला ११ शास्त्रज्ञ आहेत, त्यांतल्या कोणत्याही सहांनी कपाट उघडायचं आहे. तिथे ४६२ कुलपं लागतात आणि माणशी २५२ किल्ल्या!

शमीर यांनी कुलपं सोडून शाळेतली भूमिती घेतली. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. आधी 'कोणतेही दोन पंच' एवढंच बघू. गुपित ७. मनाने एक चढ निवडायचा, समजा ३. पहिल्या पंचाला ७+३ म्हणजे १०, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला १६ असे आकडे वाटायचे (हे सगळे एकाच चढत्या रेषेवरचे बिंदू) आणि मूळचे ७ व ३ पुसून टाकायचे. पुढे पहिला आणि तिसरा भेटले की दोन पायऱ्यांत ६ चा फरक दिसतो, म्हणजे पायरीला ३. पहिल्यापासून एक पायरी मागे आलं की ७ हाती. तीन पंच हवे असतील तर रेषेऐवजी पॅराबोला, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा वक्र, घ्यायचा, कारण तो ठरायला तीन बिंदू लागतात.

यात एक भोक आहे. चढ धन पूर्णांक असल्याचं माहीत असेल, तर १० आकडा मिळालेल्या पंचाला एवढं नक्की कळतं की गुपित १० पेक्षा लहान आहे. हे भोक शमीर यांनी घड्याळाच्या गणिताने बुजवलं. १७ ही मूळ संख्या घ्या. बेरीज १७ झाली की पुन्हा शून्यापासून मोजायचं. आता चौथ्याचा १९ होतो २, पाचव्याचा २२ होतो ५. चढही ० ते १६ मधून चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा. मग १० हा आकडा गुपित ७ आणि चढ ३ असताना येतो, तसाच गुपित १२ आणि चढ १५ असतानाही येतो. ० ते १६ पैकी प्रत्येक गुपितासाठी बरोबर एकच चढ जुळतो. म्हणजे एकट्या पंचाला काहीही कळत नाही, अगदी काहीही नाही.

'क्वांटम संगणक आला की सगळी गुपितं उघडी पडणार' असं सांगत फिरणाऱ्यांनी इथे थांबावं. आरएसएला तो धोका खरा आहे, कारण ती पद्धत मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर उभी आहे. इथे अवघड गणित मुळात नाहीच. एकट्या हिश्श्यात, म्हणजे एका पंचाच्या आकड्यात, माहितीच नसेल तर कितीही वेगवान यंत्र काय शोधणार?

जॉर्ज ब्लेकली यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे वेगळ्या भूमितीने हा प्रश्न सोडवला होता. पण शमीर यांच्या मांडणीत एक जास्तीचा गुण निघाला. दोन गुपितं वाटली आणि प्रत्येक पंचाने आपल्याकडच्या दोन आकड्यांची बेरीज केली, की तो आकडा गुपितांच्या बेरजेचा हिस्सा होतो. गुणाकारही जमतो, फक्त तिथे रेषेचा पॅराबोला होतो आणि तो पुन्हा खाली आणावा लागतो. १९८८ मध्ये बेन-ऑर, गोल्डवासर आणि विगडरसन यांनी याच पायावर दाखवून दिलं की, दोन तृतीयांशांहून जास्त लोक प्रामाणिकपणे नियम पाळत असतील, तर आपापले आकडे झाकून ठेवून सगळ्यांना मिळून कोणतंही गणित करता येतं. चार साखर कारखान्यांना आपला उतारा एकमेकांना न सांगता चौघांची सरासरी काढता येईल, ती याच रीतीने.